तीन बटणांचा इतिहास

आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत ती या मंडपातील बहुतेकांच्या खिशात नाही तर पिशवीत या क्षणी आहे. जेथे शिलालेखांवर आणि जुन्या कागदपत्रांवर व्याख्याने होतात, तेथे आम्ही मोबाइल फोनच्या काचेवरील तीन बटणांविषयी बोलावे हे काहींना पोरकट वाटेल. पण हा विषय आम्ही शोधून काढलेला नाही. तो आमच्या युनियनच्या कचेरीत आपल्या पायांनी चालत आला.

गेल्या पावसाळ्यात वाशीच्या बाजार समितीच्या आवारात काम करणारे आमचे एक जुने माथाडी सभासद कचेरीत आले आणि खुर्ची रिकामी असताना बाकाच्या टोकाला बसले. तीस वर्षे कांदा-बटाट्याच्या गोण्या वाहिलेला हा माणूस मुकादमापुढेही कधी नमते घेणारा नव्हे. त्या दिवशी मात्र त्यांच्या तोंडून शब्द निघेना. आम्हांस वाटले, टोळीत काही तंटा झाला असावा. शेवटी त्यांनी रुमालात गुंडाळलेला फोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, माझ्या हातनं काय तरी बिघडलंय. खालची तिन्ही बटणं गेली."

हकीकत अशी होती. फोनने रात्री स्वतःला अद्ययावत करून घेतले. सकाळी पाहतात तो काचेच्या तळाशी असणारी तीन चिन्हे, मागे जाण्याचे, घराकडे जाण्याचे आणि उघडी कामे पाहण्याचे, नाहीशी झालेली. कऱ्हाडला शिकणाऱ्या मुलीला खानावळीचे पैसे पाठवायचे होते. पैसे पाठवण्याच्या पानात ते शिरले खरे, पण आपण चुकीच्या नावावर बोट ठेवले असे त्यांना वाटले आणि तेथून मागे कसे फिरावे ते कळेना. त्यांनी घाबरून फोन बंद केला. पुढचे तीन दिवस, कोठल्याही पानातून बाहेर पडायचे म्हणजे फोन बंद करून पुन्हा चालू करायचा, असा त्यांचा क्रम चालला होता. रस्त्यावरच्या एका दुरुस्तीवाल्याने "काच बदलावी लागेल" म्हणून १८०० रुपये सांगितले. मुलीचे पैसे तसेच राहिले होते.

आम्ही तो फोन हाती घेऊन बराच वेळ खटपट केली आणि आमचेही काही चालले नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. मग आमच्या कचेरीत हिशेब लिहिणारी मुलगी आली. तिने एका हातात चहाचा पेला तसाच धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने अर्ध्या मिनिटात तिन्ही बटणे परत आणली. "काही बिघडलं नव्हतं, काका. पद्धत बदलली होती," असे ती म्हणाली. आमची अपेक्षा, गृहस्थ आनंदित होतील. पण त्यांनी फोन पुन्हा रुमालात गुंडाळला आणि विचारले, "बदलली कुणी?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या दिवशी देता आले नाही. पुढे वाचन करून जे हाती लागले ते येथे मांडतो.

यंत्राची कळ जागेवर असणे ही कामगाराच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये पहिला भारतीय बनावटीचा टंकलेखन यंत्राचा नमुना बाजारात आणला, त्याच्या इंग्रजी अक्षरपट्टीची मांडणी अमेरिकेत १८७० च्या दशकात ठरलेलीच होती. दादरच्या किंवा ठाण्याच्या एखाद्या टायपिंगच्या वर्गात सहा महिने बोटे झिजवलेला मुलगा मग कोणत्याही कचेरीत, कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर पोट भरू शके. एकदा शिकलेले आयुष्यभर पुरत असे. कारखान्यांत तर कळीच्या जागेला कायद्याचेच कुंपण होते. १९४८ च्या कारखाना कायद्यात, चालत्या यंत्राची शक्ती संकटसमयी तोडण्याची सोय प्रत्येक कामाच्या दालनात असावी, असे कलम होते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत ज्यांनी यंत्रावर पाळी केली आहे त्यांना लाल बटणाची जागा डोळे मिटून सांगता येईल. ते बटण एका रात्रीत कोणी हलवले असते तर सकाळच्या पाळीचा एकही माणूस आत गेला नसता.

मोबाइल फोनही आरंभी असाच स्थिर कळींचा होता. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीस सुखराम यांच्याशी बोलून देशातील पहिले मोबाइल संभाषण केले, त्या काळी फोन हे श्रीमंतांचे कौतुक होते. १९९७ मध्ये नोकिया कंपनीने ३११० या फोनात एक युक्ती आणली. एकच मोठी कळ ठेवायची आणि त्या क्षणी ती दाबल्यास काय होईल हे तिच्या वरच्या पडद्यावर शब्दांत लिहायचे. तिला त्यांनी नाव दिले 'नॅव्ही-की'. (आमच्या नव्या मुंबईशी या नावाचा काही संबंध नाही. पण तिच्या शेजारी परत फिरण्याची दुसरी कळ असे, एवढे लक्षात ठेवावे.) हीच कळ २००३ च्या नोकिया ११०० मध्ये होती. टॉर्च असलेला, धुळीपासून जपलेला हा फोन जगभर २५ कोटींहून अधिक खपला. आमच्या माथाडी, रिक्षावाल्या आणि घरकामगार सभासदांपैकी कितीतरी जणांनी फोन म्हणून पहिली वस्तू हातात धरली ती हीच.

त्याच वर्षी आमच्या शहरातही या इतिहासाचे एक पान लिहिले गेले. कोपरखैरण्याच्या धीरूभाई अंबानी नॉलेज सिटीतून ज्यांचा कारभार चाले त्या रिलायन्स इन्फोकॉमने २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपयांत फोन हाती देण्याची योजना काढली. हप्ते आणि करार मागाहून डोक्यावर बसले, ते वेगळे. पण बाजारातल्या हमालाच्या खिशात फोन आला तो अशा योजनांनी. पुढे २०१७ मध्ये जिओने १५०० रुपये अनामत घेऊन जो जिओफोन दिला त्यालाही कळीच होत्या, मधोमध चारी दिशांना फिरणारी आणि भोवती आकड्यांच्या. तोपर्यंत बड्यांच्या फोनवरून कळी नाहीशा होऊ लागल्या होत्या. गरिबांच्या फोनवर त्या अजून शाबूत होत्या. या दोन फोनांमध्ये जे घडले तोच आमच्या गृहस्थांच्या प्रश्नाचा गाभा होय.

२९ जून २००७ रोजी अमेरिकेत ॲपल कंपनीचा आयफोन विक्रीस आला. त्याच्या तोंडावर एकच गोल बटण होते आणि ते दाबले की माणूस जेथे कोठे असेल तेथून घरी येई. मागे जाण्याची स्वतंत्र कळ त्यात नव्हती. पुढच्या वर्षी, २००८ च्या ऑक्टोबरात, गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीवर चालणारा पहिला फोन, एचटीसी कंपनीचा ड्रीम, बाजारात आला. त्यावर कळींची रेलचेल होती. फोन उचलण्याची, ठेवण्याची, घराची, मागे जाण्याची, यादी उघडण्याची, शिवाय एक फिरता मणी. दाबली की बोटाला जाणवणारी अशी ती खरीखुरी बटणे होती. २०१० च्या नेक्सस वन या फोनात ती काचेखाली गेली. जागा ठरलेली राहिली, पण दाबल्याची जाणीव गेली. २०११ मध्ये दोन पावले टाकली गेली. त्या वर्षाच्या आरंभी मोठ्या पाट्यांसाठी काढलेल्या अँड्रॉइडच्या तिसऱ्या आवृत्तीत आणि वर्षाअखेर गॅलेक्सी नेक्सस या फोनात बटणे अजिबात काढून टाकून त्यांची चित्रे काचेच्या तळाशी काढण्यात आली. वाकडा बाण म्हणजे मागे, घराचे चित्र म्हणजे घर, एकावर एक दोन पाने म्हणजे उघडी कामे. आपण ज्यांना 'तीन बटणे' म्हणतो ती ही. खरे पाहता ती त्या दिवसापासून बटणे नव्हतीच. ते बटणांचे चित्र होते, आणि जे चित्र आहे ते पुसताही येते.

२०१४ मध्ये पाचव्या आवृत्तीत ही चित्रेही बदलली. घराच्या जागी वर्तुळ आले, बाणाच्या जागी त्रिकोण आणि पानांच्या जागी चौकोन. चित्रकाराच्या दृष्टीने हे सुबक असेल. परंतु ज्याला अक्षर येत नाही त्यालाही घराचे चित्र कळते. वर्तुळ म्हणजे घर हे त्याला कोणी सांगितल्यावाचून कसे उमगावे? त्यात आणखी घोटाळा असा की बहुतेक कंपन्या मागे जाण्याचे चिन्ह डावीकडे ठेवीत, आणि सॅमसंग कंपनी पूर्वीपासून उजवीकडे. घरात दोन कंपन्यांचे दोन फोन असले तर नवऱ्याचे मागे ते बायकोचे पुढचेच काहीतरी होई.

मग ही चित्रेसुद्धा का नकोशी झाली? येथे आम्ही कारखानदाराची बाजूही मांडू, कारण वाटाघाटीच्या टेबलावर ती ऐकण्याची सवय आम्हांस आहे. खऱ्या बटणासाठी काचेला किंवा चौकटीला भोक पाडावे लागते. तेथून पाणी आणि धूळ शिरते, आतला सांधा झिजतो. चित्राला असला खर्च नाही. ते फोन आडवा केला की आडवे होते आणि चित्रपट पाहताना लपते. २०१३ पासून ॲप बनवणाऱ्यांना ही पट्टी पूर्ण लपवण्याची मुभाही मिळाली. तथापि ती दिसत असताना काचेची एक पट्टी खाते, आणि २०१७ च्या सुमारास सगळा बाजार कडेपासून कडेपर्यंत काचेच्या मागे लागला होता. त्या वर्षी सॅमसंगने आपल्या एस ८ या फोनावरील घराचे खरे बटण काढले. ॲपलने आयफोन टेन काढून गोल बटणाला निरोप दिला आणि घरी येण्यासाठी काचेच्या तळापासून वर बोट ओढायला सांगितले. (ते गोल बटण असलेला शेवटचा आयफोन २०२५ च्या फेब्रुवारीत विक्रीतून गेला.) २०१८ मध्ये अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीत घर आणि उघडी कामे या दोन चिन्हांच्या जागी एक गोळीसारखी पट्टी आली. ३ सप्टेंबर २०१९ रोजी आलेल्या दहाव्या आवृत्तीत तीही आक्रसून नुसती रेघ उरली. आता मागे जायचे तर काचेच्या डाव्या किंवा उजव्या कडेवरून आत बोट ओढायचे, घरी जायचे तर तळापासून वर ओढायचे, आणि उघडी कामे पाहायची तर वर ओढून जरा थांबायचे.

नवे ते वाईट असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. ज्याचा अंगठा लहान आणि काच मोठी त्याला डाव्या-उजव्या कोणत्याही कडेवरून मागे जाता येणे ही सोयच आहे, आणि आमच्या कचेरीतील मुलीला जुनी बटणे दिली तर ती रुसून बसेल. परंतु गूगलच्या माणसांनीच त्या वर्षी लिहून ठेवले आहे की लोकांना ही नवी पद्धत अंगवळणी पडायला एक ते तीन दिवस लागतात, आणि नंतर बहुतेकांना जुनीकडे परतावेसे वाटत नाही. हे वाचून आम्हांस आमचे गृहस्थ आठवले. त्यांनीही बरोबर तीन दिवस काढले होते. फरक इतकाच की आता बोट ओढायचे आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. अमेरिकेत मोजलेले तीन दिवस आणि तुर्भ्याच्या गाळ्यावरचे तीन दिवस यांची किंमत एक नव्हे. तेथे ते शिकण्याचे दिवस होते. येथे ते मुलीच्या खानावळीचे होते.

आणखी एक बाब, जी आम्हांस त्यांच्या हातामुळे कळली. या काचा दाबाने चालत नाहीत. बोटातून वाहणाऱ्या सूक्ष्म विजेच्या फरकाने त्यांना स्पर्श कळतो. गोण्या ओढून ज्याच्या बोटांची कातडी जाड आणि कोरडी झाली आहे त्याचा स्पर्श काचेला अर्धवट पोचतो. चिन्हावर ते बोट दोनदा-तीनदा ठेवता येते. पण कडेपासून न तुटता ओढ घ्यायची म्हटली की मध्येच ती तुटते, आणि फोनला वाटते, याने काहीच केले नाही. बाजारातल्या माणसाने पुन्हा-पुन्हा कड घासून अखेर फोन आपटला तर त्यात त्याच्या अडाणीपणाचा भाग फार थोडा असतो.

हत्यार बदलले आणि दोष कामगाराच्या माथी आला, ही गोष्ट मुंबईला नवी नाही. १९२८ मध्ये गिरणीमालकांनी विणकराला दोनाऐवजी तीन माग आणि सूत कातणाऱ्याला एकाऐवजी दोन बाजू सांभाळण्याची योजना रेटली, तेव्हा एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने संप चालला आणि सुमारे दीड लाख माणसे बाहेर राहिली. अखेर फॉसेट समिती नेमून कामाच्या त्या पद्धतीची चौकशी करावी लागली. नव्या पद्धतीने काम होऊच शकत नाही असे सगळे कामगार म्हणत नव्हते. आम्हांला न विचारता, आमच्या श्रमाचा हिशेब न करता ती का आणली, हा वाद होता. आमच्या बाजाराचेच पाहा. मुंबईतील घाऊक बाजार एकामागून एक वाशीला हलवले गेले तेव्हा माथाड्याच्या पायांखालची जमीनच हलली. पण ती कोणी हलवली हे ठाऊक होते. सरकार होते, सिडको होती, व्यापारी होते, आणि १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे मंडळ होते. अण्णासाहेब पाटलांच्या मागे मोर्चा काढता येत असे, कारण मोर्चा कोठे न्यायचा हे माहीत होते. बटणे हलवणाऱ्याच्या दारावर मोर्चा न्यायचा तर कोठे?

कोणी म्हणेल, फोन ज्याचा त्याचा, त्यात कामगाराचा प्रश्न कसला? त्यांनी २०२१ चा ऑगस्ट महिना आठवावा. पोषण अभियानाच्या नोंदी करण्यासाठी महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांना सरकारने स्मार्टफोन दिले होते. फोन तापत, अडकत, त्यांची स्मृती अपुरी पडे. दुरुस्तीचा भार सेविकांवर येई, आणि नव्याने लादलेले पोषण ट्रॅकर हे ॲप इंग्रजीत होते. नोंद चुकली तर चुकली कोण? सेविका. त्या महिन्यात जिल्ह्याजिल्ह्यांत हजारो सेविकांनी ते फोन पिशव्यांत भरून सरकारी कचेऱ्यांत नेऊन परत केले. हत्यार वाईट आहे, हात वाईट नाहीत, हे त्यांनी उघडपणे सांगितले. आमच्या मते या राज्याच्या कामगार चळवळीतील हा एक मोठा प्रसंग आहे आणि त्याच्यावर जेवढे लिहिले जायला हवे तेवढे लिहिले गेलेले नाही.

बटणांच्या बाबतीत मात्र एक दार उघडे राहिले. नवी पद्धत आणतानाच गूगलने जाहीर केले की तीन बटणांची जुनी पद्धतही पर्याय म्हणून राहील, कारण ज्यांना हाताच्या हालचालीची अडचण आहे त्यांना ती आवश्यकच आहे. तेव्हा बटणे नाहीशी झाली तर ती बहुधा गेलेली नसतात, निवडीत बाजूला पडलेली असतात. साध्या अँड्रॉइड फोनात 'सेटिंग्ज' उघडून 'सिस्टीम' मध्ये जावे, तेथे 'जेश्चर' किंवा 'नेव्हिगेशन मोड' अशी ओळ सापडते आणि तिच्यात तीन बटणांचा पर्याय असतो. निरनिराळ्या कंपन्या ही ओळ निरनिराळ्या कोपऱ्यांत ठेवतात. म्हणून सेटिंग्जच्या माथ्यावर असलेल्या शोधाच्या चौकटीत 'नेव्हिगेशन' एवढाच शब्द लिहिणे उत्तम. चित्रपट किंवा खेळ चालू असताना बटणे लपली असतील तर तळापासून एकदा बोट वर ओढले की ती पुन्हा दिसतात. मुखपृष्ठ सजवणारे एखादे परके ॲप घेतल्यापासून ती गेली असतील तर ते ॲप काढून पाहावे. आयफोनात तीन बटणे कधी नव्हतीच, पण 'ॲक्सेसिबिलिटी' मधील 'टच' खाली 'असिस्टिव्हटच' चालू केले की काचेवर एक गोल बटण तरंगू लागते आणि घरी नेते. पर्याय निवडलेला असूनही चिन्हे दिसत नसतील, किंवा दिसत असून काचेचा तेवढाच पट्टा बोटाला दाद देत नसेल, तरच काचेचा दोष मानावा आणि दुरुस्तीवाल्याकडे जावे. त्याआधी १८०० रुपये काढू नयेत.

एवढा इतिहास गोळा झाल्यावर आम्ही त्या गृहस्थांना पुन्हा बोलावून सांगितले की पद्धत कॅलिफोर्नियातील काही माणसांनी बदलली, ती आपल्या फोनाच्या कंपनीने उचलली, आणि यात तुमच्या बोटाचा काही अपराध नव्हता. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. "म्हणजे विचारलं कुणालाच नाही," एवढेच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीच्या फळ्यावर, जेथे एरवी सभेची सूचना आणि लेव्हीचा हिशेब असतो, बटणे परत आणण्याची वाट मराठीत खडूने लिहिली. आठवड्याभरात तिच्याखाली निरनिराळ्या हातांनी भर पडली होती. कोणी लिहिले होते, 'सॅमसंगमध्ये सिस्टीममध्ये नाही, डिस्प्लेमध्ये पाहा, नेव्हिगेशन बार.' कोणी, 'माझ्यात होम स्क्रीनमध्ये सापडले.' सर्वांत खाली, वेड्यावाकड्या पण ठसठशीत अक्षरांत, आमच्या त्या गृहस्थांनी आपल्या टोळीचा क्रमांक घालून लिहिले होते की ज्याला जमत नसेल त्याने दुपारी गाडी खाली झाल्यावर आपल्याकडे यावे.